पदवीआधीची तालीम

गेल्या दिवाळीत आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे फराळाला गेलो असता त्यांच्या नातीने एक कागद आमच्यासमोर ठेवला. ती इतिहास या विषयात पीएच.डी.साठी नोंदणी करून नुकतीच घरी आली होती, आणि तो कागद म्हणजे तिच्या पहिल्या सत्राचे वेळापत्रक होते. संशोधनपद्धती, संशोधन व प्रकाशनातील नैतिकता, संगणकाचा वापर, पूर्वसंशोधनाचा आढावा असे रकाने त्यात होते. शेवटी परीक्षा होती आणि उत्तीर्ण होण्यासाठी किती टक्के गुण लागतील तेही छापले होते. तिच्या आजोबांनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, "अगं, तू डॉक्टर व्हायला चाललीस ना? मग पुन्हा शाळा कसली ही?" नातीने हसून उत्तर दिले, "आजोबा, आता आधी शाळा, मग प्रबंध."

आजोबांचा प्रश्न साधा होता, पण पोकळ नव्हता. त्यांच्या पिढीच्या मनात प्रबंधकार म्हणजे ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एकटा बसून वर्षानुवर्षे टाचणे काढणारा विद्वान. त्याला कोणी वर्गात बसवावे, हजेरी घ्यावी, गुण द्यावेत, हे त्यांना चमत्कारिक वाटले तर नवल नाही. परंतु संशोधकाला आधी तालीम हवी की नको, हवी तर कोणती आणि कोणी द्यावी, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. त्याची पावले पुणे, मुंबई, बडोदे, बर्लिन आणि न्यूयॉर्क अशी उमटली आहेत. आणि शेवटी तो आपल्या या दमणगंगेकाठच्या बहात्तर गावांच्या इतिहासापाशी येऊन पोहोचतो, असे आमचे मत आहे. ते कसे, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न करतो.

'डॉक्टर' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील शिकवणे या अर्थाच्या धातूत आहे. डॉक्टर म्हणजे शिकविण्यास पात्र ठरलेला. आपल्याकडेही अशी पात्रता ठरविण्याची रीत होती. शास्त्री, वैदिक आणि पंडित यांची परीक्षा घेऊन दक्षिणा देण्याची प्रथा तळेगावच्या दाभाडे सेनापतींनी सुरू केली आणि पुढे पेशव्यांनी ती पुण्यात वाढविली. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी याच दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. त्याच पाठशाळेच्या रोपट्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. पाठशाळेतली तालीम कडक होती, पण तिचा रोख जे आहे ते बिनचूक राखण्याकडे होता. जे अज्ञात आहे ते शोधून काढण्याची तालीम ही निराळी गोष्ट, आणि ती त्याच सुमारास जर्मनीत आकार घेत होती. १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठात लिओपोल्ड फॉन रांके हा इतिहासकार निवडक विद्यार्थ्यांना घेऊन बसे. मूळ कागद टेबलावर ठेवून तो खरा की खोटा, लिहिणारा कोण आणि त्याचा स्वार्थ काय, याची उलटतपासणी तेथे चाले. यालाच पुढे 'सेमिनार' हे नाव रूढ झाले. अमेरिकेतील येल विद्यापीठाने १८६१ मध्ये त्या देशातील पहिली पीएच.डी. दिली तीही याच जर्मन वळणावर.

आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले खरे, पण ते लंडनच्या नमुन्यावर बेतलेले, केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे, आणि संशोधनाचे काम कोणाचेच नव्हते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे पुरुष स्वतःच्या बुद्धीने आणि कष्टाने संशोधक झाले. त्यांना १८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने सन्मान्य पीएच.डी. दिली, ती कोणत्याही वर्गात न बसता केलेल्या कामाबद्दल. पुढच्या पिढीने मात्र ही तालीम घेण्यासाठी समुद्र ओलांडला.

विष्णु सीताराम सुकथनकर हे त्यांतले एक ठळक नाव. बर्लिनमध्ये हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली त्यांनी संस्कृत व्याकरणावर प्रबंध सिद्ध केला आणि पाठचिकित्सेचे जर्मन शास्त्र आत्मसात केले. १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादकत्व त्यांच्याकडे आले, तेव्हा त्या तालमीचे चीज झाले. महाभारताच्या हस्तलिखितांची ताडणी करण्यासाठी आखलेले मोठे तावच तेथे असत. वरच्या ओळीत प्रचलित पाठातील एकेक अक्षर एकेका चौकटीत लिहायचे आणि खाली प्रत्येक पोथीत त्या जागी जो फरक सापडेल तो नोंदवायचा. ग्रंथमालेचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. या तावांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या शास्त्र्यांना कोणी 'अभ्यासक्रम' शिकविला नव्हता, पण ती खोली म्हणजे एक उत्तम वर्गच होता. तेथे बसणारा माणूस आपल्याला आवडलेला पाठ नव्हे, तर पुराव्याने ठरलेला पाठ वर घ्यायला शिकत असे.

तालीम म्हणजे नेमके काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र न्यूयॉर्कचे आहे आणि त्याची दोरी बडोद्याच्या हातात होती. सयाजीराव गायकवाड महाराजांनी भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ च्या जुलैत ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. गुजरातच्या भूमीवर राज्य करणाऱ्या एका मराठी राजाने केलेला हा खर्च किती फळला, हे आम्ही सांगावयास नको. आम्हांला येथे लक्ष वेधायचे आहे ते त्यांनी निवडलेल्या अभ्यासक्रमांकडे. कोलंबियातील नोंदींनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक. एकंदर साठ. पदवी अर्थशास्त्राची, पण त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासक्रमांचा विषय दुसराच होता.

या यादीतील शेवटच्या दोन ओळी आम्हांला फार महत्त्वाच्या वाटतात. त्या काळी अमेरिकेत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला फ्रेंच आणि जर्मन वाचता येणे आवश्यक मानले जाई, कारण विद्येचा मोठा साठा त्या भाषांत होता. भाषा हा छंद नसून संशोधकाचे हत्यार आहे, ही समज त्यामागे होती.

आणि या तालमीचे फळ प्रबंधाची वाट पाहत बसले नाही. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. वर्गात वाचलेला हा निबंध पुढल्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला आणि आज शंभर वर्षांनंतरही तो वाचला जातो. ज्या गोष्टीला आजच्या नियमावलीत 'सादरीकरण' असे कोरडे नाव आहे, ती गोष्ट नेटाने केली तर काय होऊ शकते, याचा याहून मोठा दाखला आमच्या पाहण्यात नाही. प्रबंध मात्र लांबला. मध्ये बडोद्याची नोकरी आली, लंडनचा अभ्यास आला, अपमान आले, चळवळी आल्या. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापून निघाला. त्याला त्यांचे गुरू सेलिग्मन यांची प्रस्तावना होती आणि अर्पणपत्रिकेत सयाजीराव महाराजांचे नाव होते. पीएच.डी. प्रत्यक्ष पदरात पडली ती १९२७ मध्ये. म्हणजे शिक्षण तीन वर्षांचे आणि पदवी चौदा वर्षांनी.

इंग्लंडची रीत याहून वेगळी होती. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लंडन यांनी ही पदवी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे स्वीकारली, पण अभ्यासक्रमांचा भाग घेतला नाही. एक मार्गदर्शक, एक विद्यार्थी आणि एक प्रबंध, एवढाच तो मामला. गोविंद सदाशिव घुर्ये १९२० मध्ये केंब्रिजला गेले आणि दोन वर्षांत पीएच.डी. घेऊन परतले. १९२४ पासून १९५९ पर्यंत मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी चालविला, आणि हीच इंग्रजी रीत त्यांच्या हातून आपल्याकडे रुजली. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, विलास संगवे, इरावती कर्वे अशी किती नावे सांगावीत! घुर्ये विद्यार्थ्याला विषय देत, पुस्तके सांगत आणि लोकांत पाठवीत. जो टिकला तो तयार झाला. जो टिकला नाही त्याचे काय झाले, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. या पद्धतीचे मोठेपण आणि तिचा धोका एकाच गोष्टीत होते. सगळे काही गुरूवर अवलंबून होते.

गुरू चुकत असेल तर शिष्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर इरावतीबाईंच्या आयुष्यात मिळते. घुर्ये यांच्याकडे एम.ए. करून त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता आणि वंश यांचा संबंध शोधण्याचे काम त्यांनी इरावतीबाईंना दिले. कवट्यांची मापे घेऊन बाईंनी निष्कर्ष लिहिला की असा संबंध आढळत नाही. गुरूच्या अपेक्षेविरुद्ध, गुरूच्याच संस्थेत, परक्या भाषेत! मापे घेण्याची शिस्त त्यांनी गुरूकडून घेतली आणि निष्कर्ष मात्र मापांकडून घेतला. संशोधनातील नैतिकतेचा वर्ग तीस तासांत शिकविता येतो की नाही हे आम्हांला माहीत नाही, पण त्या वर्गात पहिल्या दिवशी सांगावी अशी ही गोष्ट आहे.

गुरुपरंपरा आणि वर्ग यांची सांधेजोड आपल्याकडे सर्वांत चांगली झाली ती पुन्हा पुण्यातच. १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ च्या ऑगस्टमध्ये संशोधनसंस्था म्हणून नव्याने उघडले. सुमित्र कत्रे भाषाशास्त्राला, हसमुख सांकलिया पुरातत्त्वाला, इरावती कर्वे समाजशास्त्राला आणि त्र्यं. शं. शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाला, असे मनुष्यबळ एका छपराखाली आले. सांकलिया लंडनहून १९३६ मध्ये पीएच.डी. होऊन आलेले. पण आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी नुसते ग्रंथालयात बसविले नाही, त्यांना नदीकाठाने चालायला लावले. त्यांच्या परंपरेतील प्रबंधांची शीर्षके पाहिली तर नद्यांचा नकाशाच डोळ्यांसमोर येतो. रा. वि. जोशी यांनी मलप्रभेचे खोरे घेतले, वीरेंद्रनाथ मिश्र यांनी राजस्थानातील बेडच नदीचे खोरे घेतले. जोर्वे, नेवासे, नावडातोली आणि पुढे १९६८ ते १९८३ अशी हंगामामागून हंगाम चाललेली इनामगावची खोदाई, या साऱ्या जागा म्हणजे एकेक वर्गच होते. मातीचा थर ओळखणे, खापराचा तुकडा कोठल्या थरात सापडला ते त्याच क्षणी लिहिणे, मोजमाप घेऊन आकृती काढणे, हे फळ्यावर शिकविता येत नाही. खड्ड्यात उतरून हात मातीत घालावे लागतात, आणि जवळ उभा असलेला जाणता माणूस चूक तेव्हाच दाखवितो.

भाषाशास्त्रातही तेच झाले. १९५४ नंतर रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या शाळा भरू लागल्या. काही आठवड्यांच्या या वर्गांत देशभरातील तरुण अध्यापक एकत्र येत आणि बोलणाऱ्या माणसासमोर बसून त्याची भाषा टिपून घेण्याचे शास्त्र शिकत. याच काळात अशोक केळकर कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९५८ मध्ये मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर पीएच.डी. झाले. अ. मा. घाटगे यांनी पुढे कुडाळी, कासरगोडची मराठी अशा बोलींचे जे सर्वेक्षण केले त्याची मुळेही याच वातावरणात आहेत. जव्हार-मोखाड्यापासून खानवेलपर्यंत पसरलेली वारली बोली ज्यांच्या कानांवर रोज पडते अशा आपल्यासारख्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

येथे कोणी विचारील की, ज्यांनी मराठ्यांचा इतिहास उभा केला त्यांनी कोठे पीएच.डी. केली होती? प्रश्न रास्त आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे बी.ए. होते. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले ते गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे खाली उतरवून. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या राजवाड्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरखान्यात आयुष्य वेचले, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील त्यांचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढला. यांच्यापैकी कोणी अभ्यासक्रमाचे गुणपत्रक घेऊन बसले नव्हते.

पण त्यांना तालीम नव्हती असे म्हणणे चुकीचे ठरेल. राजवाडे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, ते मंडळच एक पाठशाळा होते. तेथे कागद वाचून दाखविला जाई आणि जाणकार त्याच्यावर तुटून पडत. मोडीचे वळण, फारसी शब्द, शुहूर सन आणि तिथी यांचा मेळ, शिक्क्याची जागा, सारे तेथे रक्तात भिनत असे. याच मंडळाच्या वातावरणात वाढलेले बाबासाहेब पुरंदरे १९५४ च्या पावसाळ्यात सुधीर फडके, राजा वाकणकर यांच्यासमवेत आपल्या या मुलखात आले आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. कागदांवरून इतिहास शिकलेला माणूस प्रत्यक्ष इतिहासात उतरल्याचे ते उदाहरण आहे.

असो. पुढच्या काळात विद्यापीठे वाढली, नोकरीसाठी पीएच.डी. लागू लागली, विद्यार्थी वाढले आणि मार्गदर्शक मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. एकेका अध्यापकाकडे इतके विद्यार्थी नोंदले जाऊ लागले की ना घुर्ये यांचा धाक उरला, ना सांकलियांचा सहवास. नाव गुरुपरंपरेचे, पण प्रत्यक्षात पोरकेपण, अशी अनेकांची अवस्था झाली. तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या आरंभी किमान एका सत्राचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०१६ मध्ये त्याला आठ ते सोळा श्रेयांकांची चौकट मिळाली आणि एका प्राध्यापकाकडे आठांहून अधिक, सहयोगी प्राध्यापकाकडे सहांहून अधिक, साहाय्यक प्राध्यापकाकडे चारांहून अधिक विद्यार्थी नसावेत, असे बंधन आले. पुढे २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशनातील नैतिकता हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा पाठ आवश्यक ठरला. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने अभ्यासक्रमासाठी किमान बारा श्रेयांक ठरविले, एम.फिल. बंद केली, आणि एक नवी गोष्ट आणली. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाची आणि लेखनाची तालीम घ्यावी आणि त्याला आठवड्याला चार ते सहा तास शिकविण्याचे वा साहाय्याचे काम देता यावे, अशी ही तरतूद आहे. 'डॉक्टर' म्हणजे शिकवू शकणारा, हा मूळ अर्थ असा दोन शतकांनी परत आला, असे म्हणायला हरकत नाही.

या नियमांत तथ्य आहे. आमच्या स्नेह्यांच्या नातीला आज पहिल्या वर्षी समवयस्क विद्यार्थ्यांची सोबत मिळते, दुसऱ्याचे वाङ्मय आपले म्हणून छापणे ही चोरी आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितले जाते, आणि दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे आपले काम मांडावे लागते. हे सारे पूर्वी नशिबावर होते, आता हक्काचे झाले आहे. परंतु चौकट भरणे आणि तालीम होणे यांत अंतर आहे. सर्व विषयांच्या विद्यार्थ्यांना एकाच दालनात बसवून नमुना-निवड आणि प्रश्नावली शिकविली की श्रेयांक पुरे होतात. पण ज्याला अठराव्या शतकातील सनद वाचायची आहे त्याच्या हाती त्यातून काय लागते? साठ अभ्यासक्रमांच्या यादीत फ्रेंच आणि जर्मन होत्या. आमच्यापुढे आलेल्या वेळापत्रकात एकही भाषा नव्हती.

हे आम्ही उगीच म्हणत नाही. आपल्या मुलखाचे भवितव्य एकदा खरोखरच एका शब्दाच्या अर्थावर तोलले गेले आहे. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगिजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरविले, १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेले. १९५४ मध्ये हा प्रदेश मुक्त झाल्यावर पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दमणहून या गावांकडे भारतीय भूमीतून जाण्याचा आपला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. मग प्रश्न उभा राहिला, पेशव्यांनी नेमके दिले काय? राज्य दिले की केवळ वसूल? तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ, मराठ्यांच्या सनदा, त्यांतील जहागीर आणि सरंजाम हे शब्द, यांचा कीस हेगच्या न्यायासनासमोर पडला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मानले की तह वैध होता, पण मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, दिला होता तो सरंजामाच्या स्वरूपाचा, परत घेता येईल असा वसुलाचा हक्क. पोर्तुगालची सत्ता पुढे इंग्रजांच्या काळात अप्रत्यक्षपणे मान्य होत गेली, आणि म्हणून खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना नव्हता. भारताने आपले कोणतेही कर्तव्य मोडले नाही, असा अखेरचा निर्णय झाला. पुढल्या वर्षी, ११ ऑगस्ट १९६१ रोजी, हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला.

'सरंजाम' हा शब्द आपण आज मुलींच्या लग्नाच्या तयारीसाठी वापरतो. पुण्याच्या कारकुनाने तो अठराव्या शतकात कोणत्या अर्थाने लिहिला, हे सांगणारा माणूस मोडी वाचणारा हवा, मराठ्यांची महसूलव्यवस्था जाणणारा हवा आणि समोर ठेवलेला पोर्तुगीज पाठ त्याच्याशी ताडून पाहणाराही हवा. सुकथनकरांच्या तावावरचीच ती ताडणी, फक्त पोथीऐवजी तह.

आता आपल्याकडे वळू. सिल्वाशात आज पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आहे, सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाशी संलग्न सरकारी महाविद्यालयही आहे. आपली मुले पदवी येथे घेतात आणि संशोधनासाठी पुणे, मुंबई, सुरत गाठतात. २०२० च्या २६ जानेवारीपासून आपला प्रदेश दमण आणि दीव यांच्याशी जोडला जाऊन एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. नकाशे आणि पाट्या बदलतात तसे जुने कागदही बदलत्या कचेऱ्यांतून फिरत राहतात आणि फिरता फिरता कमी होतात. आपल्या घरांतून आहेत ते वेगळेच. कोणाकडे आजोबांची जमीन-महसुलाची पावती, कोणाकडे पोर्तुगीज अमलातील दाखला, कोणाकडे पिवळ्या पडलेल्या मोडी चोपड्या. १९५४ च्या त्या पावसाळ्यात जे वीस वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घेण्याचे काम कोणत्याही विद्यापीठाच्या सत्राची वाट पाहणार नाही.

म्हणून आमची विनंती दोन प्रकारच्या वाचकांना आहे. ज्यांच्या घरात पीएच.डी. करणारे मूल आहे त्यांनी त्याच्या अभ्यासक्रमाकडे 'पुन्हा शाळा' म्हणून पाहू नये आणि नुसता सोपस्कार म्हणूनही पाहू नये. संशोधकाला कोणते पाठ आवश्यक आहेत ते ठरविण्यात साहाय्य करणे हे सल्लागार समितीचे काम आहे, असे २०२२ ची नियमावलीच सांगते. मग आपल्या मुलांनी मोडी मागावी, पोर्तुगीज मागावी. मोडीचे वर्ग पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चालत आले आहेत, पोर्तुगीज भाषेचा विभाग गोवा विद्यापीठात आहे. वाट आहे, मागणारा हवा. आणि ज्यांच्या घरात जुना कागद आहे त्यांनी तो रद्दीत देण्याआधी एकदा तरी जाणत्या डोळ्यांखालून जाऊ द्यावा. कागद कोठून आला, कोणाच्या हातचा, ही माहिती वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावी. खापराचा थर नोंदविल्याशिवाय खापर मुके असते, तसेच कागदाचेही आहे.

फराळ झाल्यावर आजोबा उठले आणि आतल्या खोलीतून पत्र्याची एक पेटी घेऊन आले. तिच्यात त्यांच्या वडिलांच्या काळचे काही कागद होते. अर्धे देवनागरीत, एक पोर्तुगीज शिक्क्याचा आणि तीन-चार मोडीत. नातीने सर्वांत वरचा कागद उलगडला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, मला यातले एक अक्षरही लागत नाही." आजोबा म्हणाले, "मलाही आता लागत नाही. माझ्या बापाला लागत होते." मग तिने वेळापत्रकाचा तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने दोन शब्द लिहिले: मोडी, पोर्तुगीज. परतल्यावर समितीपुढे ती पहिली मागणी हीच ठेवणार आहे.